क्रूर सापळ्यांविरुद्ध कायदा घडवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘क्रूर सापळ्यांवर बंदी हवी’ यावर कोणत्याही सभेत पटकन एकमत होते. ‘बंदी नेमकी कशावर, कोणावर, कुठे आणि कधीपासून?’ असे विचारले की शांतता पसरते. विधेयक तरते की बुडते ते याच चार प्रश्नांवर. म्हणून इथे व्याख्या, अपवाद, पुरावा आणि अंमलबजावणी यांना जास्त जागा दिली आहे.

कोणत्या सापळ्यांना क्रूर म्हणायचे?

मोहिमांमध्ये सतत चार प्रकार समोर येतात.

पहिला जबड्याचा सापळा. दोन पोलादी कमानी, त्यांना मिटवणारी स्प्रिंग, मध्ये पावलाच्या दाबाने सुटणारी चकती आणि जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधलेली साखळी, एवढेच त्याचे भाग. चकतीवर पाय पडला की कमानी मिटतात. हा सापळा मारत नाही, धरून ठेवतो. बरीचशी इजा त्यानंतरच्या तासांत होते. प्राणी हिसके देतो, पाय सुजतो, कातडी फाटते, स्नायूबंध तुटतात, हाड मोडते. पोलाद चावून दात तुटतात. काही प्राणी स्वतःचाच पंजा कुरतडतात. तहान, ऊन, थंडी आणि दुसरे भक्षक हे वेगळेच.

दुसरा तारेचा फास. वळलेल्या पोलादी तारेचे वेटोळे प्राण्याच्या वाटेवर टांगलेले असते. यात दोन जाती आहेत : ओढ सुटली की थोडा सैल होणारा, आणि प्रत्येक हिसक्याला आवळत जाणारा, पुन्हा न सुटणारा. गळ्यात बसावा असा हेतू असला तरी तो कमरेत, पोटावर, पायातही बसतो. ओढाताणीत तार मांसात रुतते.

तिसरा शरीर दाबून मारणारा सापळा. कॅनडातल्या फ्रँक कॉनिबेअर यांनी जबड्याच्या सापळ्याला दयाळू पर्याय म्हणून हा तयार केला आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात आला. दोन चौकोनी चौकटी कात्रीसारख्या मिटतात. त्या मानेवर बसल्या तर मृत्यू लवकर येतो. पण प्राणी अपेक्षेपेक्षा मोठा असला किंवा आडवा शिरला, तर चौकटी छातीवर किंवा कमरेवर बसतात आणि मरण लांबते. मोठ्या मापाच्या या सापळ्यांत पाळीव कुत्र्याचे डोके सहज मावते.

चौथी चिकट फळी. उंदीर तिच्यावर चिकटतो आणि थकव्याने, तहानेने किंवा नाक-तोंड डिंकात रुतून गुदमरून मरतो. याला कित्येक तास लागतात, कधी दिवसही. पाली, पक्षी, वटवाघळे, साप यांनाही ही फळी सोडत नाही.

पिंजरा या यादीत नाही. मात्र उन्हात ठेवलेला, पाण्याविना, दिवसभर न पाहिलेला पिंजराही क्रूर ठरतो. त्यामुळे त्याच्यासाठी बंदीऐवजी वापराच्या अटी मागाव्यात.

रबर लावलेला किंवा कमानींत फट ठेवलेला ‘सुधारित’ सापळा चालेल का?

विरोधक हा प्रश्न हमखास काढतात, म्हणून उत्तर आकड्यांसह तयार ठेवा. रबरामुळे आणि फटीमुळे हाड मोडण्याचे प्रमाण कमी होते, हे खरे आहे आणि ते नाकारू नये. पण अडकून पडण्याची भीती, तहान, उघड्यावर तासन्‌तास राहणे आणि भलताच प्राणी सापडणे यांत काही फरक पडत नाही.

‘आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तपासलेला’ हा शब्दप्रयोगही नीट पारखून घ्या. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १०९९० क्रमांकाच्या मानकमालेत सापळे कसे तपासावेत याची पद्धत आहे. किती इजा झाली तर सापळा नापास, याची मर्यादा त्यात नाही, कारण ती ठरवताना देशांचे एकमतच झाले नाही. मर्यादा आहेत त्या युरोपीय संघ, कॅनडा आणि रशिया यांच्यात १९९७ साली ठरलेल्या करारात. त्यात १९ प्रजाती येतात. मारणाऱ्या सापळ्याची चाचणी किमान १२ प्राण्यांवर घ्यायची आणि त्यांतले किमान ८० टक्के ठरावीक वेळेत बेशुद्ध व्हायला हवेत : सर्वांत छोट्या मुंगुसवजा स्टोटसाठी ४५ सेकंद, फरसाठी पकडल्या जाणाऱ्या, त्याच कुळातल्या मार्टेनसाठी १२० सेकंद, बाकीच्यांसाठी ३०० सेकंद. धरून ठेवणाऱ्या सापळ्यासाठी किमान २० प्राणी, आणि त्यांतल्या ८० टक्क्यांत गंभीर इजेची ठरलेली लक्षणे दिसता कामा नयेत.

आता गणित करा. ३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटे. बारातले दहा प्राणी पाच मिनिटांत बेशुद्ध झाले आणि उरलेले दोन त्यानंतरही तडफडत राहिले, तरी सापळा उत्तीर्ण. विधेयक तपासणाऱ्या समितीसमोर हे गणित शांतपणे मांडले की ‘प्रमाणित’ या शब्दाचा दबदबा बराच उतरतो.

एकदम सगळ्यावर बंदी मागावी की थोडे थोडे?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचे उदाहरण पाहा. १९९२ साली तिथे सापळ्यांविरुद्धचा प्रस्ताव जनमताला टाकला गेला. त्याची भाषा इतकी सैल होती की ‘यामुळे शिकार आणि मासेमारीही बंद होईल’ असा प्रचार विरोधकांना करता आला आणि प्रस्ताव पडला. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, सार्वजनिक जमिनींपुरता आणि नेमक्या साधनांपुरता प्रस्ताव आला आणि मंजूर झाला.

स्कॉटलंडमध्ये वाट वेगळी होती. आधी फासांवर नियम आले : लावणाऱ्याला प्रशिक्षण, प्रत्येक फासावर ओळख क्रमांकाचा बिल्ला, दररोज पाहणी. नियम असूनही त्रास थांबत नाही हे नोंदींतून दिसत गेले आणि २०२४ च्या कायद्याने फासांवरच बंदी आली. त्याआधी २०२३ साली वेल्सने फास आणि चिकट फळ्या दोन्ही बंद केल्या होत्या.

आमचे मत : एखादेच नेमके साधन निवडा, पण त्या साधनावरची बंदी पूर्ण मागा. ‘सर्व क्रूर सापळे’ यापेक्षा ‘तारेचा फास, कोणत्याही प्राण्यासाठी, कोणत्याही जमिनीवर’ ही मागणी समजायला सोपी आणि कोर्टात टिकाऊ. नियमांचा मार्ग पत्करायचाच झाला, तर नोंदी ठेवण्याची सक्ती आणि ठरावीक वर्षांनी फेरविचार या दोन अटी सोडू नका. नोंदीच नसतील तर पुढच्या टप्प्याला आधार राहत नाही.

कोणता मार्ग निवडावा : विधिमंडळ, नियम, जनमत की न्यायालय?

आधी अस्तित्वातला कायदा वाचा. पुष्कळदा मूळ कायद्यात सरकारला नियम करण्याचा किंवा साधनांची यादी अधिसूचनेने बदलण्याचा अधिकार असतो. तो असेल तर नवे विधेयक आणण्याआधी तोच मार्ग वापरा. वेळ कमी लागतो, सभागृहाचे बहुमत लागत नाही. तोटा असा की पुढचे सरकार तेवढ्याच सहजतेने अधिसूचना मागे घेऊ शकते.

जनमताचा मार्ग काही मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे. त्यात सह्या, पैसा आणि प्रचार यांचा खर्च फार, आणि मजकूर एकदा ठरला की त्यात स्वल्पविरामही बदलता येत नाही.

अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, क्वचितच मंजूर होते. तरी ते वाया जात नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राणी क्रूरतेविरुद्ध असेच विधेयक मांडले होते. ते मागे घेतले गेले, पण सरकारने समिती नेमली आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. इंग्लंडमधला चिकट फळ्यांविरुद्धचा २०२२ चा कायदा तर अशासकीय विधेयक म्हणूनच मंजूर झाला.

न्यायालयाकडे जायचे ते मुख्यतः असलेला कायदा राबवून घेण्यासाठी. नवा गुन्हा ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे, असे उत्तर तिथे मिळण्याची शक्यता मोठी.

मसुद्यात कोणती कलमे हवीतच?

व्याख्या सर्वांत आधी. नुसते ‘जबड्याचा सापळा’ लिहिले तर उत्पादक कमानींचा आकार बदलून त्याला ‘पाय-धारक’ असे नवे नाव देतात. म्हणून नावाऐवजी कृती लिहा : ‘प्राण्याच्या स्पर्शाने किंवा भाराने सुटणारे, आणि त्याचे अवयव, मान किंवा धड दाबून, आवळून अथवा चिकटवून धरणारे कोणतेही साधन.’ त्याखाली ज्ञात प्रकारांची यादी ‘यांचा समावेश होतो, पण एवढेच नव्हे’ या शब्दांनी जोडा. त्याच वेळी काय येत नाही तेही स्पष्ट करा : पिंजरा, पकडण्याचे जाळे, पशुवैद्यकाने वापरायची काठी-दोरी. ॲरिझोनासारखा अपप्रचार इथेच थांबतो.

त्यानंतर गुन्हा ठरणाऱ्या कृती. ‘लावणे’ एवढेच लिहिलेत तर पकडायला कोणी सापडणार नाही, कारण सापळा लावताना माणूस क्वचितच दिसतो. म्हणून लावणे, लावायला लावणे, लावलेला ठेवून देणे, वापरण्याच्या हेतूने बाळगणे, विकणे, विक्रीसाठी ठेवणे आणि आयात करणे अशी प्रत्येक कृती वेगळी लिहा. जमिनीचा मालक किंवा कबजेदार जाणूनबुजून परवानगी देत असेल तर तोही जबाबदार ठरला पाहिजे. इंग्लंडच्या चिकट फळ्यांच्या कायद्याने परवानाधारक व्यावसायिकांखेरीज इतरांना वापर बंद केला, विक्री नाही. दुकानात उघड मिळणारी वस्तू घरात लावू नका, असे सांगण्याची वेळ त्यामुळे येते.

तपासणीचे अधिकार कोणाकडे ते नाव घेऊन लिहा. वनविभाग, पोलीस, पशुसंवर्धन आणि स्थानिक संस्था या चौघांवर सोपवलेले काम प्रत्येक जण दुसऱ्याचे समजतो. एक मुख्य यंत्रणा ठरवा आणि बाकीच्यांना मदतीचे अधिकार द्या.

मग जप्ती आणि विल्हेवाट. जप्त सापळे लिलावात विकले जाऊ नयेत, नष्ट व्हावेत, हे लिहावे लागते. शेवटी अंमलाची तारीख आणि लोकांकडचे सापळे जमा करण्याची मुदत. सहा महिने ते एक वर्ष पुरेसे असते. मुदतीत जमा करणाऱ्यावर कारवाई नाही, असेही लिहा, नाहीतर सापळे जमिनीत पुरले जातील, नष्ट होणार नाहीत.

अपवाद ठेवावेत का? ठेवले तर बंदी पोकळ होत नाही का?

अपवाद न ठेवता कायदा केला की ते नंतर विरोधकांच्या भाषेत येतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९६ साली जनमताने जबड्याचे आणि दाबून मारणारे सापळे बंद झाले. पुढे बीव्हर या ओढ्या-नद्यांत बांध घालणाऱ्या प्राण्याच्या बांधांमुळे रस्ते, विहिरी आणि सांडपाण्याच्या टाक्या पाण्याखाली जाण्याच्या तक्रारी वाढल्या आणि २००० साली विधिमंडळाने आरोग्य व सुरक्षेच्या कारणासाठी तातडीच्या परवान्यांची वाट उघडली. कॅलिफोर्नियात १९९८ च्या बंदीनंतर वेगळाच तिढा झाला. संकटग्रस्त पक्ष्यांच्या घरट्यांवर टपलेल्या कोल्ह्यांना पकडण्यासाठी हे सापळे लागतात, असे म्हणत एका पक्षीसंवर्धन संस्थेनेच कोर्टात धाव घेतली. २००२ साली अपील न्यायालयाने संकटग्रस्त प्रजातींच्या केंद्रीय कायद्याखालच्या कामापुरती राज्याची बंदी लागू होत नाही, असे ठरवले. प्राणीप्रेमी दोन्ही बाजूंना उभे, हे चित्र मोहिमेला परवडत नाही.

म्हणून अपवाद स्वतःच लिहा आणि अरुंद लिहा. कारणे दोनच असू द्यात : माणसाच्या जिवाला किंवा आरोग्याला थेट धोका, आणि संकटग्रस्त प्रजातीचे रक्षण. त्यावर अटी : आधी सौम्य उपाय करून पाहिल्याची लेखी नोंद, नावानिशी परवाना, जागा आणि सापळ्यांची संख्या नमूद, ठरावीक दिवसांनी आपोआप संपणारी मुदत, आणि पकडलेल्या प्रत्येक प्राण्याची, चुकून सापडलेल्यांचीसुद्धा, नोंद. परवाने दरवर्षी प्रसिद्ध करण्याची सक्ती घाला. ‘मालमत्तेचे नुकसान’ हे कारण मात्र कोणत्याही शब्दांत आत येऊ देऊ नका. त्या एका शब्दसमूहातून सगळा जुना व्यवहार परत येतो.

सापळा किती वेळाने पाहावा, यावर इतका वाद का?

कारण त्रासाची लांबी त्यावरच ठरते. रोज न पाहिलेल्या सापळ्यात प्राणी दोन-तीन दिवस जिवंत असू शकतो. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने आपोआप आवळत जाणारे फास बंद केले आणि इतर फास दिवसातून किमान एकदा पाहणे बंधनकारक केले. अमेरिकेत राज्याराज्यांत ही मुदत वेगळी आहे आणि काही ठिकाणी दिवसांत मोजली जाते.

पूर्ण बंदी लगेच शक्य नसेल तिथे चोवीस तासांची सक्ती ही मागायला सोपी सुधारणा आहे. ‘दररोज’ असे लिहू नका. सोमवारी पहाटे आणि मंगळवारी रात्री पाहिले तरी दररोज पाहिले असे होते. ‘मागच्या पाहणीपासून २४ तासांच्या आत’ असे लिहा. पिंजऱ्यासाठी मुदत १२ तास किंवा कमी, उंदरांच्या जिवंत पकडीसाठी त्याहूनही कमी, कारण लहान शरीर लवकर थंड पडते.

पुरावा कसा गोळा करायचा?

दोन प्रकारचा पुरावा लागतो : कागदाचा आणि जागेवरचा.

कागदाचा पुरावा माहितीच्या अधिकारातून मिळतो. अर्जात ‘सापळ्यांबद्दल सर्व माहिती’ मागितली की उत्तर येते, ‘माहिती संकलित स्वरूपात नाही’. त्याऐवजी तुकडे करा : गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती परवाने दिले, परवानाधारकांनी सादर केलेल्या नोंदींच्या प्रती, किती तपासण्या झाल्या, किती सापळे जप्त झाले, किती खटले भरले, किती शिक्षा झाल्या, परवाना शुल्कातून किती रक्कम आली आणि यंत्रणेवर किती खर्च झाली. शेवटचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. कॅलिफोर्नियात २०१९ साली फरसाठीच्या सापळेबाजीवर बंदी आली, तेव्हा परवान्यांच्या शुल्कातून यंत्रणेचा खर्चही भागत नाही, हा मुद्दा फार उपयोगी पडला. प्राण्यांविषयी जिव्हाळा नसलेल्या सदस्यालाही तो पटतो. याशिवाय पशुवैद्यकीय दवाखाने आणि वन्यजीव उपचार केंद्रांतल्या नोंदी : प्राण्याची जात, इजा, साधन, तारीख, परिणाम. पाच रकान्यांचा एकच तक्ता सगळ्यांना द्या. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहिले तर बेरीज करता येत नाही.

जागेवर : कशालाही हात लावण्याआधी तीन अंतरांवरून छायाचित्रे घ्या. पहिले परिसर कळेल असे, दुसरे सापळा आणि त्याची बांधणी दिसेल असे, तिसरे जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मूळ फाइल तशीच जपा. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेल्या छायाचित्रातून स्थान आणि वेळेची माहिती बहुधा निघून जाते, आणि कोर्टात नेमका तोच प्रश्न येतो. अक्षांश-रेखांश, वेळ, हवामान, सोबत कोण होते हे लगेच लिहा. सापळ्यावर क्रमांक किंवा बिल्ला असेल तर त्याचे वेगळे छायाचित्र.

प्राणी मेलेला असेल तर शव गोठवू नका. गोठल्याने पेशींची रचना बिघडते आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी निरुपयोगी होते. सुमारे ४ अंश सेल्सियसला थंड ठेवा आणि शक्य तितक्या लवकर शवविच्छेदन करून घ्या. अडकलेल्या पायाचा एक्स-रे जरूर मागा. मात्र संरक्षित वन्यप्राण्याचे शव परवानगीशिवाय हलवणे हाच गुन्हा ठरू शकतो, म्हणून आधी अधिकाऱ्याला बोलवा. शव, तार, सापळा कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेले याची सहीसह नोंद ठेवा. तिच्यात एक दिवस जरी मोकळा राहिला तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो.

सापळा दिसला तर काढून टाकायला काय हरकत आहे?

तो कायदेशीरपणे लावलेला असेल तर तुमच्यावर चोरी किंवा नासधुशीचा गुन्हा लागू शकतो आणि बातमी सापळ्याची न होता तुमची होते. तो बेकायदा असेल तर काढल्याने पुरावा नष्ट होतो. छायाचित्रे घ्या, तक्रार द्या, तक्रार क्रमांक लिहून घ्या. जिवंत प्राणी अडकलेला असेल तर गोष्ट वेगळी : आधी वनविभाग किंवा प्राणी बचाव पथकाला कळवा आणि ते येईपर्यंत गर्दी व कुत्री लांब ठेवा.

आपला कुत्रा अडकला तर?

हे मोहिमेच्या पत्रकात जरूर छापा. लोक तेवढ्यासाठी पत्रक जपून ठेवतात.

आधी जाड कापड डोक्यावर टाका किंवा कापडाच्या पट्टीने तोंड बांधा. दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो. श्वास अडकलेला असेल तर तोंड बांधू नका.

जबड्याच्या सापळ्यात दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा किंवा दांडे एकाच वेळी पायांनी खाली दाबा. एक बाजू दाबून उपयोग होत नाही. फासात आधी कुत्र्याला खुंटीच्या दिशेने सरकवून तारेवरचा ताण काढा, मग अडकवणीची पट्टी तारेवरून मागे ढकला. तार तोडायची झाल्यास तारेचीच कटर लागते, घरातली पक्कड चालत नाही.

दाबून मारणाऱ्या सापळ्यात वेळ मिनिटांत मोजावा. कुत्र्याचा पट्टा किंवा दोरी एका स्प्रिंगच्या दोन्ही कड्यांतून ओवा, टोक पुन्हा पहिल्या कडीतून काढा. एक टोक पायाखाली दाबून दुसरे वर ओढा. कड्या जवळ आल्या की स्प्रिंगवरचा आकडा अडकवा. मग दुसरी स्प्रिंग. हे प्राणी अडकलेला असताना शिकायचे काम नव्हे, रिकाम्या सापळ्यावर आधी सराव करावा लागतो.

सुटका झाल्यावर इजा किरकोळ दिसली तरी पशुवैद्यक गाठा. आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि मांस मरू लागल्याचे काही दिवसांनी दिसते. याच कारणाने फासातून सोडवलेल्या वन्यप्राण्याला तिथल्या तिथे पळून जाऊ देणे चूक आहे.

चिकट फळीवरून प्राणी सोडवता येतो का?

येतो. ओढायचे नाही, कातडी आणि पाय तुटतात. आधी मोकळ्या डिंकावर पीठ, वाळू किंवा कागद टाकून तो झाकून घ्या. मग कापसाने खाद्यतेल चिकटलेल्या जागी थोडे थोडे लावत, हलक्या हाताने सैल करा. नाका-डोळ्यांत तेल जाऊ देऊ नका. हातमोजे हवेत. तेलाने भिजलेले केस किंवा पिसे अंग उबदार ठेवू शकत नाहीत, म्हणून नंतर ऊब द्या आणि पशुवैद्यकाकडे न्या.

शेतकरी आणि पशुपालक म्हणतात, ‘मग नुकसान तुम्ही भरून देणार का?’

प्रश्न रास्त आहे. उपाय न सांगता बंदी मागणे ही मोहिमेची सर्वांत कमकुवत जागा असते. उत्तर प्राण्यागणिक बदलते. कळपासाठी रात्रीचा बंदिस्त गोठा, राखणीचा कुत्रा आणि नीट उभारलेले विजेचे कुंपण. बीव्हरासाठी बांधातून पाणी ठरावीक पातळीला वाहू देणारी नळी : पाणी शिरण्याच्या टोकाला जाळीचा पिंजरा असतो, त्यामुळे प्राण्याला ते तोंड बुजवता येत नाही. उंदरांसाठी आधी वाटा बंद करणे, कारण उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. फटीत पोलादी जाळी किंवा लोखंडी काथ्या भरून वर सिमेंट, दाराखाली धातूची पट्टी, धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. एवढे केल्यावरही मारावे लागलेच, तर जोरदार स्प्रिंगचा, झटक्यात मारणारा सापळा चिकट फळीपेक्षा निश्चित बरा.

कायद्यात कुंपणाच्या अनुदानाची तरतूद मागा. पशुपालकांच्या संघटनेने पाठिंबा दिला नाही, तटस्थ राहिली, तरी समितीत मते फिरतात.

सापळे बंद झाले तर रेबीज पसरेल, यात तथ्य आहे का?

नाही. कोल्ह्यांतला रेबीज पश्चिम युरोपात सापळ्यांनी आटोक्यात आला नाही, तोंडावाटे द्यायच्या लसीच्या आमिषांनी आला. स्वित्झर्लंडने १९७८ साली तिचा पहिला क्षेत्रीय प्रयोग केला. मारलेल्या प्राण्यांच्या जागी नवे, लस न मिळालेले प्राणी येतात आणि रोग चालू राहतो.

ज्यांचे पोट सापळ्यांवर आहे त्यांचे काय?

हा प्रश्न टाळू नका आणि सगळ्यांना एका तागडीत तोलू नका. छंद म्हणून सापळे लावणारा, फर विकणारा, कीटकनियंत्रणाचा व्यवसाय करणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगणारा आदिवासी समाज ही चार वेगळी प्रकरणे आहेत. शेवटच्या गटाशी मसुदा लिहिण्याआधी बोला, नंतर नव्हे. व्यावसायिकांसाठी साधन बदलण्याची मुदत आणि प्रशिक्षण पुरते.

भारतात कायदा आहेच ना?

आहे, पण विस्कळीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या व्याख्येतच फास लावणे आणि सापळ्यात पकडणे येते, आणि फास, सापळे, जाळी ही ‘शस्त्रे’ मानली आहेत. अनुसूचीतल्या प्राण्यांना त्यामुळे भक्कम आधार मिळतो. घरातल्या उंदरांना तो मिळत नाही. त्यांच्यासाठी उरतो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींविषयीच्या २०१४ च्या नागराज निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढवण्याची अपेक्षा व्यक्त केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. प्राणी क्रूरता हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राज्यालाही दुरुस्ती करता येते. ती केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते.

शिक्षा किती मागावी?

कमी दंड हा धंद्याचा खर्च ठरतो, आणि अवाच्या सव्वा कैद लिहिली तर न्यायाधीश दोषी ठरवायला कचरतात. प्रत्येक सापळ्यामागे स्वतंत्र दंड ही जास्त परिणामकारक मागणी आहे. वीस फास लावणाऱ्याला एकाच गुन्ह्याचा दंड भरून सुटता येऊ नये. त्याला परवाना रद्द करणे आणि उपचारांचा खर्च वसूल करणे जोडा.

समितीसमोर बोलायला तीन मिनिटे मिळतात. काय बोलावे?

तीन माणसे, तीन वेगळे मुद्दे. पशुवैद्यकाने इजा सांगाव्यात, एका शेतकऱ्याने पर्याय, आणि वकिलाने ‘कलम अमुकमधले अमुक शब्द बदला’ एवढेच. तिघांनी तेच बोलू नये. एका पानाचे टिपण आधी पोहोचवा : वर मागणी, मग तीन आकडे, मग विधेयकाचा क्रमांक. सदस्याने ‘माझ्या मतदारसंघात असे किती?’ असे विचारले की त्याचे उत्तर तक्त्यातून तत्काळ निघाले पाहिजे.

रक्ताळलेली छायाचित्रे वापरावीत का?

समितीच्या फाइलमध्ये हो, फलकावर नाही. लोक नजर वळवतात. नुसता रिकामा सापळा टेबलावर ठेवून पेन्सिलीवर सोडून दाखवला तर सभागृह जास्त लक्ष देते. बोटे मात्र लांब ठेवा.

आयातबंदीचा दबाव उपयोगी पडतो का?

पडतो, पण हवा तसा नाही. युरोपीय संघाने १९९१ च्या नियमाने जबड्याचे सापळे १९९५ पासून बंद केले आणि ते वापरणाऱ्या देशांतून १३ प्रजातींच्या फरची आयात रोखायचे ठरवले. आयातबंदी पुढे ढकलत ढकलत अखेर वाटाघाटींत गेली आणि त्यातून वर सांगितलेला मानकांचा करार निघाला. युरोपात सापळे बंद झाले, बाहेर ‘प्रमाणित’ झाले.

कायदा मंजूर झाला. आता?

पहिल्या वर्षी चार गोष्टींवर लक्ष ठेवा. नियम अधिसूचित झाले का, कारण नियमांविना कलम कागदावरच राहते. तपासणी अधिकाऱ्यांना साधने ओळखण्याचे प्रशिक्षण मिळाले का. जप्त सापळ्यांचा एक संच त्यांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवायला सांगा. ऑनलाइन विक्री थांबली का. विक्रेते नाव बदलून तीच वस्तू ‘बागेची सुरक्षा’ म्हणून विकतात, म्हणून दर महिन्याला शोध घेऊन दुव्यांसह तक्रार करा. आणि कोर्टात आव्हान आले तर सरकारच्या जोडीने पक्षकार होण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. सरकारी वकिलाकडे तुमचा तक्ता, शवविच्छेदनाचे अहवाल आणि समितीपुढची कागदपत्रे आपोआप पोहोचत नाहीत. ती क्रमांक घालून, दोन प्रतींत, स्वतः नेऊन द्यावी लागतात.